गॅरेजवाल्याने विधानसभेला उभं राहावं का?

बारा नंबर पाना | सोमवार, रात्री ११:१८

नमस्कार मंडळी. इथे सात-आठ वर्षं वाचतोय, लिहितो ते फक्त गाड्यांच्या धाग्यांवर. आजचा विषय वेगळा आहे.

गोव्यात डिचोली तालुक्यात माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आणि मागे गॅरेज आहे. गाव आणि मतदारसंघ लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. वडिलांनी पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली. तेव्हा खाणी जोरात होत्या. दुकानासमोर टिपरची रांग लागायची आणि ब्रेक लायनर, क्लच प्लेटा आम्ही नगावर नाही, खोक्यांवर आणायचो. २०१२ ला खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, मध्ये थोड्या हलल्या, आणि फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजेस रद्द केल्या. १५ मार्चच्या संध्याकाळी सगळं थांबलं. त्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावर अंगणाअंगणात ट्रक उभे होते आणि टायरांभोवती गुडघाभर गवत. बँकेचे हप्ते चालूच. वडिलांनी सगळ्यात जास्त उधारी दिली ती त्या दोन वर्षांत. वडील गेले, वही राहिली.

आता धंदा बदलला. पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, त्यांच्या गाड्या, दोन-चार खाजगी बसवाले, दुधाचे टेम्पो, किनाऱ्याकडच्या रेंट-अ-बाइकवाल्यांचं काम. पोट भरतं.

दुकानासमोर एक बाकडा आहे. बस येईपर्यंत माणसं तिथे बसतात, तरुण भारत नाहीतर गोमन्तक उलटसुलट वाचून होतो आणि मग राजकारण. दोन वर्षांपूर्वी बसथांब्याकडचे दिवे महिनोन्महिने बंद होते. मी ग्रामसभेत उठून बोललो, मग कागद घेऊन चार खात्यांत फिरलो. दिवे लागले. तेव्हापासून बाकड्यावर एकच सूर, ‘तूंच उबो राव रे.’ मी हसण्यावारी नेलं. पण गेल्या रविवारी पाच जण घरी आले, मतदारयादीचे गठ्ठे घेऊन. बूथवार. पेन्सिलीने खुणा केलेल्या. ते बघून पोटात गोळा आला.

मी पंचसुद्धा झालेलो नाही. कुठल्या पक्षाचं कार्ड नाही. २०२७ ची निवडणूक फार लांब नाही. अपक्ष उभं राहायचं म्हटलं तर खर्च किती, कायदा काय, आणि दुकान कोण बघणार? आणि जो प्रश्न त्या पाचांना विचारू शकलो नाही तो इथे विचारतो. माझ्या वहीत सव्वाशे-दीडशे नावं आहेत, येणं साधारण साडेतीन लाख. त्यातले बहुतेक माझ्याच मतदारसंघातले. उद्या हात जोडून त्यांच्या दारात गेलो, तर ते मला उमेदवार समजतील की वसुलीवाला?

रस ऑम्लेट | सोमवार, रात्री ११:३१

पहिला नंबर! धागा पहिल्याच दिवशी शंभरी गाठणार. पाना भाऊ, चिन्ह म्हणून पानाच माग. मिळालं तर स्टिकर मी चिकटवतो.

माजी पंच | मंगळवार, सकाळी ६:५०

चिन्ह नंतर. मी एक टर्म पंच होतो. सुतारकामाचं वर्कशॉप आहे, दारं-खिडक्या-पलंग. पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे ‘मी कुणाचाच नाही’ असं म्हणत उभा राहिलो. निवडून आलो आणि पहिल्याच महिन्यात एकाने चौकटीचं बिल बघून विचारलं, ‘पंच झालास, अजून एवढेच घेतोस?’ दुसऱ्या वेळी पडलो. ज्यांनी मत दिलं नव्हतं ते आता दुकानात येईनात. त्यांना वाटे मला कळलंय. मला खरंच काही कळलं नव्हतं! माझ्या शेजाऱ्याने घराचा मुख्य दरवाजा म्हापशाहून आणला. ट्रक माझ्या वर्कशॉपसमोरून गेला. ड्रायव्हरने वळणावर माझ्याकडेच वाट विचारली.

वॉर्डात सातशे-आठशे मतं असतील, त्यात हे झालं. तू विधानसभेचं बोलतोयस. विचार कर एवढंच म्हणतो, राहू नको म्हणत नाही.

मुंबैकर गोंयकार | मंगळवार, सकाळी ९:०४

मला तर वाचून फार आनंद झाला. अशाच जमिनीवरच्या माणसांनी पुढे यायला हवं. धंदेवाईक राजकारण्यांना कंटाळलोय आपण सगळे. दादा, मागे हटू नका!

फोंड्याची मामी | मंगळवार, सकाळी ९:४०

मुंबईत बसून ‘मागे हटू नका’ म्हणायला काय जातं? तुझं मत तरी आहे का इथे? चवथीला येतोस, गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली फोटो काढतोस, पाचव्या दिवशी परत.

पाना, पुता, मी शिक्षिका होते, तीस वर्षं. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा एकदा उभा राहिला होता. त्याचं शिलाईचं दुकान होतं. हरला, आणि हरल्याचं दुःख त्याला महिनाभरच झालं. पण कुठल्या बूथवर किती मतं पडली तो कागद त्याने जपून ठेवला. स्वतःच्या वाड्यावर अकरा. अजून तो माणूस कोणाचं माप घेताना त्या अकरांतला हा की नव्हे, असं बघतो. तू तो कागद घरी आणू नकोस.

बारा नंबर पाना | मंगळवार, दुपारी १:२२

मामी, तुमचं वाचून जेवण गेलं नाही. माजी पंच, त्या ट्रकवाल्याला वाट सांगितलीत की नाही?

माजी पंच | मंगळवार, दुपारी १:३०

सांगितली. लांबची.

निवडणूक ड्युटी | मंगळवार, रात्री ८:१५

सरकारी नोकर आहे, म्हणून कोणाच्या बाजूने बोलणार नाही. मतदान केंद्रावर आणि मोजणीच्या टेबलावर पुष्कळदा ड्युटी केली, त्यातलं सांगतो.

आपल्याकडे ४० मतदारसंघ आणि २०२२ ला मतदार होते साडेअकरा लाखांच्या आसपास. म्हणजे सरासरी एका आमदाराला २९ हजार. महाराष्ट्रातले पाहुणे हा आकडा ऐकून हसतात, त्यांच्याकडे नगरपालिकेच्या राजकारणात एवढे लोक असतात. पण त्यामुळेच इथे प्रत्येक मताला चेहरा असतो. २०२२ ला सांत आंद्रेत निकाल ७६ मतांनी लागला. साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी आले. पणजीत उत्पल पर्रीकर अपक्ष उभे होते, ते ७१६ मतांनी हरले. ७६ मतं म्हणजे काय? एका लग्नाची अर्धी पंगत. तुझ्या वहीत त्याच्या जवळजवळ दुप्पट नावं आहेत.

यंत्राबद्दल शंका असणारे येतीलच धाग्यावर, म्हणून आधीच सांगतो. अख्ख्या राज्यात इव्हीएमवर विधानसभा झाली ती पहिल्यांदा गोव्यात, १९९९ ला. आणि प्रत्येक केंद्रावर व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, लावून झाली तीही पहिल्यांदा इथेच, २०१७ ला. यंत्रावर नावांचा क्रम ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी असलेल्या बाकी पक्षांचे, अपक्ष शेवटी. म्हाताऱ्या माणसाला ‘खालून दुसरा’ असं समजावून सांगावं लागतं. तो आत जाऊन वरून दुसरा दाबून येतो. हे मी अंदाजाने नाही म्हणत, बाहेर येऊन मोठ्याने सांगतात लोक.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री १०:५५

मी म्हापशात लोकांचे टॅक्स आणि जीएसटीचे कागद करतो. दोन उमेदवारांच्या खर्चाच्या वह्या सांभाळल्या आहेत, दोघेही पडले, पण वह्या पास झाल्या. पानेबुवा, जरा सविस्तर लिहितो, कारण लोक भाषणाची तयारी करतात आणि कागदावर मार खातात.

अपक्षाला दहा सूचक लागतात, म्हणजे अर्जावर सही करणारे त्याच मतदारसंघाचे मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. सूचक चौदा-पंधरा तयार ठेव, कारण आदल्या रात्री त्यांतल्या कोणाचा तरी फोन बंद होतो. अनामत १० हजार. पडलेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरच परत. २४ हजार मतं पडली तर ४ हजारांच्या वर. तुझ्या बाकड्यावर किती माणसं बसतात?

खर्चाची मर्यादा गोव्यात २८ लाख, २०१७ च्या निवडणुकीला ती २० होती. आकडा मोठा वाटतो, पण तो कसा मोजतात ते बघ. खर्चासाठी वेगळं बँक खातं, अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण प्रचारात मिळून १० हजारांच्या वर रोख द्यायची नाही. चहा, वडा, खुर्ची, मंडप, गाडी, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात. तू म्हणशील, गाडी माझीच, डिझेलही माझंच. चालत नाही, तिचं भाडं धरलं जातं. तुझ्या मेकॅनिकने ‘फुकट’ दुरुस्त केलेली प्रचाराची जीपसुद्धा खर्चातच. पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर गुन्हा. आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, हरलास तरी. पुष्कळ अपक्ष हरल्यावर तोंड लपवतात आणि हिशेब देत नाहीत, मग तीन वर्षं अपात्र होतात. म्हणजे हरायचं तेही नियमाने!

शपथपत्र नमुना २६. तुझी मालमत्ता, बायकोची, अवलंबून असलेल्यांची. सोनं ग्रॅममध्ये. कर्जं. पाच वर्षांची रिटर्न्स. खटले असतील तर ते. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. काही नसेल तिथे ‘नाही’ असं लिहायचं, कोऱ्या जागेवरून अर्ज बाद होऊ शकतो. आणि हे शपथपत्र लगेच सगळ्यांसाठी नेटवर येतं. तुझा होलसेलवालाही वाचेल, तुझा बँक मॅनेजरही, आणि तुझ्या मुलीला बघायला येणारेही.

आता धंदेवाल्यांसाठी खरी मेख. तू कुठल्या सरकारी खात्याला माल पुरवतोस का? टायर, बॅटऱ्या, वार्षिक दराचा करार वगैरे? असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९अ कलम वाच. राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा कामाचा करार चालू असेल तोवर विधानसभेला अपात्र.

बारा नंबर पाना | बुधवार, सकाळी ७:१०

हिशेबनीस, घाम फुटला. आहे. एका खात्याला गाड्यांच्या बॅटऱ्या आणि टायर देतो, वर्षाच्या दराने. मागची दोन बिलं अजून यायची आहेत, दहा महिने झाले. खात्याचं नाव लिहीत नाही, पैसे अडकतील. म्हणजे सरकारने माझे पैसे दिले नाहीत म्हणून मी अपात्र?

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ७:४८

नाही, तिथे कायदा शहाणा आहे. तू तुझा माल पूर्ण दिला असशील आणि फक्त सरकारचे पैसे यायचे असतील, तर तेवढ्यावरून करार चालू धरत नाहीत. पण दराचा करार अजून जिवंत असेल, उद्या त्यांनी ऑर्डर टाकली तर तू माल द्यायला बांधलेला असशील, तर गोष्ट वेगळी. अर्जाच्या बऱ्याच आधी तो रीतसर संपवून घे, पोचपावतीसकट, आणि वकिलाला दाखव. माझ्या भरवशावर राहू नकोस, मी आकड्यांचा माणूस.

कुळागर | बुधवार, सकाळी ८:३०

पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीचं काम करत असेल तर?

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ८:४१

कलमात ‘सरकार’ आहे, विधानसभेसाठी म्हणजे राज्य सरकार. पंचायत वेगळी संस्था. पण करार नेमका कोणाच्या नावाने आहे ते कागद बघूनच कळेल.

खाजेंवाली | बुधवार, दुपारी ३:०५

सगळं वाचलं. एवढ्या प्रतिसादांत एकानेही विचारलं नाही की वहिनी काय म्हणतात.

माझा खाजें-लाडवांचा धंदा आहे, जत्रा आणि फेस्तांना स्टॉल लावते, सात बायका कामाला आहेत. मलाही एकदा पंचाला उभं राहायला सांगितलं होतं, राखीव वॉर्ड होता म्हणून. ‘तू फक्त सही कर, बाकी आम्ही बघू.’ मी म्हटलं, खाजें कोण तळणार, तुम्ही? विधानसभेत २०२२ ला तीन बायका निवडून आल्या. तिघींचेही नवरे त्याच विधानसभेत आमदार. त्यांच्या कामाबद्दल मी बोलत नाही, वाट कुठून जाते ते सांगतेय.

तर पाना, दुकानाचा काउंटर कोण सांभाळतं?

बारा नंबर पाना | बुधवार, रात्री १०:२०

बायकोच. जीएसटी तीच भरते, होलसेलवाल्यांशी भाव तीच करते. मी मागे गाडीखाली असतो. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘माझ्या बांगड्यांचं वजन सगळ्या गावाला कळणार असेल तर आधी दोन नवीन कर.’ हसली. पण मग रात्री उशिरापर्यंत वही घेऊन बसली होती. कोणाकोणाच्या नावापुढे टिंब करत होती. कशाची टिंबं ते सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट लपवली होती, सांगून टाकतो. पाच जण आले त्यांतला एक नंतर एकटा परत आला. म्हणाला, एका पक्षाच्या माणसाचा निरोप आहे. ‘उभा राहू दे, खर्चाचं आम्ही बघू, निवडून येण्याची काळजी करू नको.’ मला आधी गोड वाटलं. मग अर्थ कळला.

वाळवंटीकाठ | बुधवार, रात्री १०:३३

हाहा. तुझ्या समाजाची आणि तुझ्या बाकड्याची हजारभर मतं दुसऱ्याकडून कापायला हवीत त्यांना. तू उमेदवार नव्हेस, तू कात्री.

आणि समजा चुकून आलास निवडून. मग? २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपात गेले, २०२२ च्या सप्टेंबरात आठ गेले. त्या आठांनी तर निवडणुकीआधी देऊळ, क्रूस आणि दर्गा, तिन्ही ठिकाणी शपथ घेतली होती. अपक्षाला निवडून आल्यावर पक्षात जायला कायद्याने बंदी, आमदारकी जाते. पण ‘पाठिंबा’ द्यायला कुठे बंदी आहे? २०२२ चे तिन्ही अपक्ष सरकारच्या बाजूलाच बसले. बाकड्यावरचे लोक मग म्हणणार, ‘आमदार जाले उपरांत आमकां वळखतलो?’

माजी पंच | गुरुवार, सकाळी ६:४०

वाळवंटीकाठ, अपक्षाने सरकारला पाठिंबा दिला तर लगेच विकला असं नाही हो. रस्त्याचं काम काढायचं तर मंत्र्याच्या खोलीतच जावं लागतं. विरोधात बसलेल्याची फाइल कुठे असते? खालून दुसरी. डिचोलीतून २०२२ ला डॉक्टर अपक्षच आले ना? लोकांनी दवाखान्यातला माणूस बघितला आणि मत दिलं. म्हणजे होतं, होत नाही असं नाही. पण डॉक्टरकडे सगळे रोगी म्हणून जातात. गॅरेजवाल्याकडे भांडायला पण जातात, ‘परवाच काम केलं, परत आवाज येतोय.’ प्रचारात पहिला प्रश्न तोच येईल तुला.

रस ऑम्लेट | गुरुवार, सकाळी ९:१५

‘आवाज तुमचा, विधानसभेत.’ घोषवाक्य झालं तयार. बिल पाठवतो, खर्चात धरा.

व्यवस्थापक | गुरुवार, सकाळी ११:००

धागा चांगला चाललाय म्हणून चालू ठेवतोय. पक्षाचा प्रचार, जातीचे आकडे आणि भाषावाद नको. मराठी-कोकणीवर जुना धागा आहे, बाराशे प्रतिसादांचा, तिकडे जा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

मुंबैकर गोंयकार | गुरुवार, दुपारी १२:४०

मामी, मत माझं अजून गावातच आहे, आणि २०२२ ला १४ फेब्रुवारीला रात्रभर बसने प्रवास करून दिलं होतं. तेवढा हक्क तरी ठेवा.

एक सुचवतो. उधारीचा प्रश्न उलटा करून बघा. निवडणुकीआधी सगळी उधारी माफ करून टाका! साडेतीन लाख म्हणजे एका सभेचा खर्च. दीडशे घरं कायमची तुमची.

फोंड्याची मामी | गुरुवार, दुपारी १:०२

बसने आलास ते चांगलं केलंस. बाकीचं मागे घेते. उधारीचं मात्र हिशेबनीसाला विचार, मला ते सरळ वाटत नाही.

हिशेबनीस | गुरुवार, रात्री ९:२५

सरळ नाहीच. मतासाठी काही देणं म्हणजे फक्त नोटा वाटणं नव्हे. मत मिळावं या हेतूने देणं माफ केलं तर ती लाच. भ्रष्ट आचारात मोडते आणि जिंकलेली जागा याचिकेत जाऊ शकते. आता दुसरी बाजू. नेमक्या त्याच दिवसांत वसुलीला गेलास आणि ‘बघा हं, लक्षात ठेवा’ असं एक वाक्य जरी तोंडातून गेलं, तर तो मतदारावर दबाव. सोडलेस तर लाच, मागितलेस तर धाक. आणि काहीच केलं नाहीस, नेहमीसारखी उधारी देत राहिलास, तर समोरचा उमेदवार म्हणणार, बघा, बॅटऱ्या वाटतोय.

माझं मत विचारशील तर, उभं राहायचं असेल तर आत्तापासून, म्हणजे वर्षभर आधीच, नवी उधारी बंद. जुनी येईल तशी येऊ दे, पावती फाडून. काउंटरवर तसं लिहून ठेव.

कुळागर | गुरुवार, रात्री ९:५०

उधारी बंद केलेला दुकानदार निवडून येईल का आपल्या गावात? मी तर नाही देणार मत. सुपाऱ्या विकल्या की मगच पैसे येतात हातात. सुपाऱ्या उतरवणारा पाडेली येतो वर्षातून ठरल्या वेळी, पण पंप जळतो तो मध्येच.

खाजेंवाली | गुरुवार, रात्री १०:०५

हेच म्हणते. आमच्याकडे गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचं नातं उधारीनेच बांधलेलं असतं. रोख देणारा उद्या दुसरीकडे जातो. उधारीवाला मान खाली घालून का होईना, परत येतो.

निवडणूक ड्युटी | शुक्रवार, सकाळी ७:५५

मोजणीच्या दिवशीचं एक दृश्य आहे. २०२२ ला मार्चच्या १० तारखेला मोजणी होती. माझ्या टेबलासमोर जाळीपलीकडे एका अपक्षाचा प्रतिनिधी बसला होता, उमेदवाराचा भाऊच. प्रत्येक फेरीला आकडा लिहून घ्यायचा. सात, बारा, चार, नऊ. दुसऱ्या फेरीनंतर बाकी अपक्षांची माणसं उठून गेली. हा शेवटपर्यंत बसला. शेवटी मी सही घ्यायला कागद पुढे केला तर म्हणाला, ‘साहेब, एका बूथवर एकतीस आहेत. तिथे आमचं कोणीच नाही. हे एकतीस कोण असतील?’ आणि त्याचा चेहरा, काय सांगू, हरलेल्या माणसाचा नव्हता. मामी, तुमच्या अकराच्या कागदाची मला ही दुसरी बाजू आठवली.

फोंड्याची मामी | शुक्रवार, सकाळी ८:२०

खरं आहे. असंही होतं.

बारा नंबर पाना | शुक्रवार, रात्री ११:४०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. निरोप आणणाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग दुसऱ्या कोणाला तरी शोधतील. शोधू देत.

बायकोने टिंबांचा अर्थ सांगितला. ज्यांनी खाणी बंद असताना ट्रक विकले पण आपले पैसे आधी दिले, त्यांच्यापुढे टिंब. एकोणीस निघाले. म्हणाली, ‘दहा सूचक यांतून घे. बाकी तुझ्या त्या पाचांचं मला माहीत नाही.’ म्हणजे ती हो म्हणाली का, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

माजी पंच | शनिवार, सकाळी ६:३५

हो म्हणाली रे बाबा.

खाजेंवाली | शनिवार, सकाळी ७:००

हो म्हणाली. पण बांगड्या विसरू नकोस.

रस ऑम्लेट | पुढचा गुरुवार, रात्री १०:१५

पाना भाऊ, आठवडा होत आला. गाडीखाली अडकलास की काय?

बारा नंबर पाना | रविवार, रात्री ९:३०

अडकलो नव्हतो, धावपळ होती. ठरलेलं अजून काही नाही, खरंच नाही. पण त्या खात्याला पत्र दिलं की दराचा करार पुढे नको. शिक्का मारलेली प्रत घेतली. साहेबांनी विचारलं का, म्हटलं परवडत नाही. ते म्हणाले, आधीच्या बिलांचं बघतो हं लवकर. दहा महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले.

आणि काल काउंटरवर पाटी लावली, ‘नवी उधारी बंद’. बायकोच्या अक्षरात, माझं वाचता येत नाही. सकाळी पहिली तीन गिऱ्हाइकं पाटी वाचून काही न बोलता परत गेली. छातीत धस्स झालं. चौथा आमचा जुना पायलट, त्याची मोटारसायकल माझ्याच जिवावर चालते, वहीत नाव पहिल्या पानावर. त्याने पाटी वाचली, परत वाचली, हेल्मेट काढलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की बाकड्यावरचे सगळे उठले. ‘म्हणजे तूं उबो रावता मरे!’

रस ऑम्लेट | रविवार, रात्री ९:३३

मग? काय सांगितलंस??

बारा नंबर पाना | रविवार, रात्री ९:४१

म्हटलं, आदीं तुज्या बॅटरीचें उदक पळोवया.